गल्लीतलं कलादालन: उद्घाटनाची गर्दी दुसऱ्या दिवशी जाते कुठे?

प्रश्न असा आला आहे: साताऱ्यात एका पेठेत घराच्या तळमजल्यावर साधारण ४०० चौरस फूट जागा आहे, तिथे छोटं कलादालन सुरू केलंय. दोन प्रदर्शनं झाली. दोन्ही वेळा उद्घाटनाला शंभरेक माणसं आली, दुसऱ्या दिवसापासून मात्र दिवसाला चार-पाच. गल्लीतले लोक दारातून डोकावतात आणि पुढे जातात. उद्घाटन कसं करावं, लोक येत कसे राहतील, आणि काचेचं दार व एसी बसवावा का?

कोल्हापुरात एका जुन्या पेठेत, वाड्याच्या तळमजल्यावर मी सतरा वर्षं असंच दालन चालवतोय. आधी तिथं म्हशींचा गोठा होता, नंतर रद्दीचं गोदाम. तुम्ही सांगितलेला आकडा माझ्याही पहिल्या दोन वर्षांचा आहे, त्यामुळे घाबरू नका. फक्त रोगाचं निदान बरोबर करा. गल्लीतला माणूस आत येत नाही तो त्याला चित्रांत गम्य नाही म्हणून नव्हे. तो लाजतो. आत गेलो आणि कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, काही घ्यावं लागेल का, आपल्याला ‘त्यातलं’ कळत नाही हे उघडं पडेल का, चप्पल काढायची का, एवढे सगळे प्रश्न त्याला उंबऱ्यावर पडतात. तुम्ही दालनात जे जे कराल ते यातला एखादा प्रश्न कमी करतंय की वाढवतंय, एवढंच बघत जा.

आता उद्घाटन. तुमच्याकडे आलेले शंभर जण कोण होते ते एकदा कागदावर लिहून काढा. चित्रकाराचे नातेवाईक, त्याच्या कॉलेजचे मित्र, पाहुण्यांबरोबर आलेली माणसं, शहरातले इतर चित्रकार, दोन-तीन पत्रकार. ही मंडळी चित्रकाराला भेटायला आली आणि भेटून गेली. ती परत का येतील? शेजारच्या चार घरांतलं त्यात कोण होतं? माझ्या पहिल्या उद्घाटनाला गल्लीतलं एकही माणूस नव्हतं आणि हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

ते पहिलं उद्घाटन सांगतोच. मे महिना, संध्याकाळी साडेपाचची वेळ छापलेली. प्रमुख पाहुणे एक पुढारी. ते आले सात वाजता. तोवर साठ माणसं छताच्या एका पंख्याखाली बसलेली, आणि तो पंखाही बंद, कारण समई लावायची होती. खुर्च्यांच्या रांगा मी व्यासपीठाकडे तोंड करून मांडल्या होत्या, त्यामुळे भिंतीवरच्या चित्रांकडे सगळ्यांची पाठ. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पुन्हा शाल. तीन भाषणं झाली, त्यातल्या एकातही समोरच्या एकाही चित्राचं नाव आलं नाही. मग कुणीतरी उकाड्यानं वैतागून पंखा लावला, समईची वात फडफडली आणि जवळच्या जलरंगाच्या काचेवर काजळी बसली. शेवटी बटाटेवडे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चित्राच्या पांढऱ्या माऊंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर, तेलकट पिवळा अंगठा उमटलेला सापडला, फ्रेमला अजून काच बसायची होती. तो माऊंट बदलून द्यायला माझे साडेचारशे रुपये गेले. चित्रकार काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून खुर्च्या फक्त सहा, त्याही भिंतीला टेकवून, ज्येष्ठांसाठी. बाकी सगळे उभे. उभा माणूस हलतो, आणि हलला की चित्रासमोर येतो. समई बाहेर ओसरीवर. चहा तर आतच नको. चहा रस्त्यावर, वाड्याच्या कट्ट्याशी, आणि त्याबरोबर कोरडं काहीतरी: बिस्किट, पेढा, चुरमुरे-फुटाणे. बोटाला तेल लागेल असं काहीही नाही. चहा बाहेर दिला की गर्दी बाहेर उभी राहते. येणारा-जाणारा विचारतो, “काय हाय इथं?” हातात कप घेतलेला कुणीतरी त्याला सांगतो, आणि निम्मे लोक आत येऊन बघून जातात. निमंत्रणपत्रिकेनं मला इतकी माणसं कधी दिली नाहीत.

मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे. तिथल्या चित्रांइतकीच आठवण लोक आतल्या समोवार या उपाहारगृहाची काढतात. १९६४ ला सुरू झालेलं ते २०१५ च्या मार्चमध्ये बंद झालं. चहाला म्हणून आलेला माणूस जाता जाता दालनात एक फेरी मारायचा, कारण वाट तिथूनच होती. त्याच इमारतीबाहेर फुटपाथवर चित्रकार कामं मांडून बसतात. आत पाऊल टाकायला कचरणारा माणूस तिथं वाकून वाकून बघतो आणि भाव करतो. आतलं आणि बाहेरचं चित्र कधी कधी एकाच तोलाचं असतं, पण बाहेर उंबरा नसतो. गोव्यात पणजीच्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीत कला महोत्सवासाठी लोकांनी आपली राहती घरं आणि व्हरांडे प्रदर्शनाला उघडून दिले, तेही याच कारणानं भावलं. माणूस चित्र बघायला घरात शिरतो, आणि घरात कसं शिरायचं हे त्याला येतं.

प्रमुख पाहुणा कोण असावा? माझं मत थोडं आडमुठं आहे. ज्यानं चित्रांसमोर उभं राहून दहा मिनिटं काढली नाहीत त्याच्या हातून उद्घाटन करू नये. आमच्याकडे एका तरुण चित्रकारानं गल्लीतल्याच माणसांची कोळशातली व्यक्तिचित्रं केली होती. पिठाची गिरणी चालवणाऱ्या वहिनींचंही त्यात होतं. केसांवर पीठ, कपाळाला बांधलेला फडका, डोळे बारीक केलेले. उद्घाटन त्यांच्याच हातून केलं. त्या आधी नकोच म्हणाल्या, मग इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि स्वतःच्या चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “मी एवढा रागीट दिसतो व्हय?” (आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी बघतो’ म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) लोक हसले, चित्रकार घाबरला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “दिसतोच. दुपारी बाराला लाईट गेल्यावर असाच दिसतो.” त्या वाक्यानंतर चित्रकाराला वेगळं भाषण करायची गरजच उरली नाही. पुढचे चार दिवस दळण टाकून आलेल्या बायका दळण होईतो आमच्याकडे येऊन बसत. त्यातल्या कितीतरी जणी पुढच्या प्रदर्शनालाही आल्या. ते अमूर्त चित्रांचं होतं. ‘हे काय हाय ते कळंना, पण ह्यो निळा चांगला हाय’ इतपत मोकळेपणा त्यांच्यात आला होता.

भाषण ठेवायचंच तर चित्रकारालाच बोलू द्या, तेही माईकशिवाय, चालत चालत. तीन चित्रं निवडायची, प्रत्येकापाशी दोन मिनिटं. कुठं बसून काढलं, काय फसलं, काय पुसून परत केलं. ‘माझ्या अंतर्मनातील स्पंदनं’ सुरू झाली की मी हळूच चहा आल्याचं सांगतो. लोक विचारतात, “हे काढायला किती दिवस लागले?” या प्रश्नावर चित्रकारांनी हसू नये म्हणून मी त्यांना आधीच दम देऊन ठेवतो. ज्याला हातकामाची किंमत कळते तोच हा प्रश्न विचारतो. आमच्याकडे सुतार विचारतो, सोनार विचारतो.

दिवस निवडताना फक्त पंचांग बघून भागत नाही. साताऱ्यात काय आडवं येतं ते तुम्हाला माहीत. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम आडवा येतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असेल त्या संध्याकाळी साक्षात राजा रविवर्मा आले तरी पेठेतलं कुणी फिरकणार नाही. लग्नसराईतले मोठे मुहूर्त, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, हे सगळं मी टाळतो. एक मात्र करा. तालमीच्या किंवा मंडळाच्या पोरांना विरोधक समजू नका. आमच्याकडे मांडव, वायरिंग, शिडी आणि जड फ्रेम उचलायला चार हात, सगळं तालमीतून येतं. बदल्यात त्यांच्या गणपतीच्या देखाव्याचा पडदा माझ्याकडचे चित्रकार रंगवतात. व्यवहार रोकडा आहे आणि सतरा वर्षं टिकला आहे.

इथं एक तिरकी गोष्ट सांगतो. कोल्हापूरला कलानगरी म्हणतात. रिक्षावालाही तुम्हाला आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांची नावं सांगेल. पण अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपलं राजारामपुरीतलं घर सरकारला देऊन उभं राहिलेलं संग्रहालय, जिथं त्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची (कोरडी पूड घासून छटा द्यायची पद्धत) कामं आहेत, तिथं आत गेलेला माणूस शोधावा लागतो. अभिमानानं माणूस आत येत नाही हे मी तेव्हाच शिकलो. त्यामुळे ‘शहराची थोर परंपरा’ वगैरे फलकावर लिहिण्यात जागा घालवू नका. त्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘आत या. बघायला पैसे नाहीत. चप्पल घालून चालेल.’ हा फलक आमच्या पेठेतल्या एका निवृत्त पेंटरनं ब्रशनं लिहून दिला, आणि सगळ्या दालनात सर्वांत जास्त वाचलं गेलेलं काम तेच आहे.

आता उद्घाटनानंतरचे दिवस. भाड्याच्या दालनांत प्रदर्शन एका आठवड्याचं असतं, कारण चित्रकार दिवसाचं भाडं भरतो आणि मागे रांग असते. तुमच्या घरच्या जागेला तो नियम का? गल्लीत बातमी पसरायलाच आठवडा लागतो. मी तीन आठवडे ठेवतो. वेळ संध्याकाळी पाच ते साडेआठ, आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा. दुपारी उघडं ठेवून वीज जाळण्यात अर्थ नाही.

रविवार सकाळ हा माझा सगळ्यात चांगला वार, आणि त्याचं श्रेय मटणाला. आमच्या दालनाच्या वाटेवर मटणाचं दुकान आहे. लोक रांगेत उभे राहून पिशवी घेऊन परत जातात. एकदा एक गृहस्थ दारात घुटमळत होते. आत बोलावलं तर पिशवी मागे लपवून म्हणाले, “नको, हातात हे आहे.” दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर भिंतीत पाच खुंट्या ठोकल्या. आता रविवारी तिथं मटण, भाजी, दुधाची किटली, हेल्मेट असं सगळं लटकलेलं असतं. माणसं हात मोकळे करून आत येतात. मोकळ्या हातानं माणूस चित्रासमोर जास्त वेळ उभा राहतो हे मी घड्याळ लावून बघितलेलं नाही, पण पैज लावायला तयार आहे.

दुसरा आधार शाळेतली मुलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसणारी पोरं तुमच्या गल्लीतही असतील. परीक्षेआधीचे दोन महिने मी एका कोपऱ्यात टेबलावर तांब्या, कांदे, घडी पडलेला पंचा मांडून ठेवतो आणि कागद ठेवतो. शिकवणी नाही, फी नाही. मुलं वस्तुचित्राचा सराव करतात, आणि त्यांना न्यायला आलेले आई-वडील दहा मिनिटं भिंतीकडे बघत उभे राहतात. तेवढी दहा मिनिटं मला पुरतात.

अभिप्रायाची वही ठेवता ना? त्यात ‘छान’, ‘खूप छान’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ याशिवाय काही सापडणार नाही. माझ्या पहिल्या सहा वह्या अशाच आहेत. सातव्या वहीच्या प्रत्येक पानावर मी वर एक ओळ लिहून ठेवली: ‘कुठल्या चित्रापाशी जास्त थांबलात?’ आता लोक आकडा लिहितात, काही जण कारणही लिहितात. एकानं लिहिलं होतं, ‘क्र. ११. आमच्या गावची विहीर अशीच होती, बुजवली.’ चित्रकाराला शालीपेक्षा हे पान जास्त उपयोगी पडतं. त्याची झेरॉक्स मी त्याला हिशेबाबरोबर देतो.

हिशेबाचं निघालं म्हणून विक्री. किमतीची यादी लपवू नका. ‘किंमत विचारा’ असं लिहिलं की कुणी विचारत नाही, संकोचाचं मूळच ते. मराठीत, मोठ्या टाइपात, दाराजवळ टांगा. प्रत्येक प्रदर्शनात पाचशे ते तीन हजारांतली लहान कामं, रेखाटनं, छापचित्रं चित्रकाराकडून आग्रहानं मागून घ्या. आमच्या पेठेत घरात टांगलेलं पहिलं मूळ चित्र बहुतेकांनी याच किमतीत घेतलंय. मोठ्या शहरांतल्या व्यावसायिक गॅलऱ्या निम्म्यापर्यंत कमिशन घेतात. मी पंचवीस टक्के घेतो आणि भाडं घेत नाही. हे लेखी करा, एका पानाचं पुरे: किती टक्के, पैसे किती दिवसांत, फुटतूट झाली तर कुणाची. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, हेही त्यात घाला. नाहीतर घेणारा उद्या दिनदर्शिका छापतो आणि भांडण तुमच्या दारात येतं. हातानं केलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तुम्हाला नोंदणी लागते की नाही आणि कमिशनवर काय भरायचं, ते सीएला विचारून घ्या.

विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावायची पद्धत सगळीकडे आहे. मी सुरुवातीला मुंबईहून स्टिकर मागवायचो. एकदा संपले, तेव्हा शेजारच्या काकूंनी कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. मधल्या आकाराची, मखमली, मरून. तेव्हापासून तीच. बायका चित्रापाशी येतात, टिकली बघतात, हसतात आणि विचारतात, “ही का लावली?” विक्रीबद्दल बोलायला याहून सोपी सुरुवात मला सापडलेली नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. ४०० चौरस फुटांत दारं-खिडक्या सोडून तुम्हाला धावती भिंत साठ फुटांच्या आसपास मिळेल. दोन फुटी चित्र आणि मध्ये फूटभर मोकळं धरलं तर वीस बसतात. मी सोळाच्या वर जाऊ देत नाही. चित्रकार तीस घेऊन येतो, त्याच्याशी भांडावं लागतं, भांडा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर असावा असा सर्वसाधारण प्रघात आहे. माझ्याकडे मुलं आणि वाकलेल्या आज्या जास्त येतात, म्हणून मी ५४ धरतो. दिवा वरून तिरपा पडू द्या, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत, म्हणजे काचेत बघणाऱ्याचं तोंड दिसत नाही. एलईडी घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा मागा. दुकानदार ‘सगळे सारखेच असतात’ म्हणेल. नसतात, स्वस्त दिव्याखाली गेरू चिखल दिसतो.

पावसाळा मात्र गांभीर्यानं घ्या. साताऱ्याचा पाऊस आमच्याइतका नसेल, पण जुन्या दगडी भिंती ओल धरतातच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. आधी बारीक तपकिरी ठिपके दिसतात, चित्रकाराला वाटतं रंगाचे शिंतोडे आहेत. मी जुलै-ऑगस्टमध्ये कागदावरची कामं लावतच नाही. कॅनव्हास, धातू, माती, फोटो, काहीही चालेल. आणि बारा महिने प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाची चकती चिकटवतो. फ्रेम भिंतीपासून अर्धा इंच सुटते, मागून हवा खेळते. तीस पैशांची युक्ती आहे. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण ओल दोन महिने हटली नाही. तेव्हा बुचं होती त्या फ्रेम वाचल्या.

राहिलं काचेचं दार आणि एसी. एसी लावला की दार बंद ठेवावं लागतं, आणि बंद दार ढकलून आत जाणं हे गल्लीतल्या माणसाला कुणाच्या तरी ऑफिसात शिरल्यासारखं वाटतं. मी २०१४ मध्ये दोन्ही केलं होतं. काच, स्टीलचा दांडा, त्यावर ‘पुश’. त्या वर्षी रोजची माणसं निम्म्यावर आली. गिरणीवाल्या वहिनी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “बंद होतं की.” बंद नव्हतं, मी आतच बसलो होतो. काच काढून जुनी लाकडी दोन फळ्यांची कवाडं परत बसवली, उघड्या दारात चिमण्या आणि कुत्री येऊ नयेत म्हणून खाली कमरेएवढी जाळी लावली, आणि एसी गोदामातल्या चित्रांसाठी वापरला. काचेचं दार तेव्हा अठरा हजाराला पडलं होतं. ते अजून मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभं आहे. तुम्हाला पाहिजे असेल तर टेम्पो घेऊन या.